‘द नाइट वॉलाइज’च्या पायाखाली

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे, आणि आमचा बँड ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात, जिल्ह्याच्या जत्रेत, तिसऱ्या गाण्याच्या मधोमध फुटला.

असं काहीही झालेलं नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका गिरणीत झाला. माझा रंग लाल, त्यावर निळी फुलं. अशी फुलं कुठल्याच झाडाला येत नाहीत. ज्यानं ती काढली त्याला फुलांचा फारसा अनुभव नसावा. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या गावात बोरघिल्ड टॉर्गर्सन यांनी मला जेवणाच्या टेबलाखाली अंथरलं. तिथे नऊ वर्षं मी रश्श्याचे थेंब झेलले. सुखाचा काळ होता. त्या घरात कोणी कोणावर ओरडत नसे, कोणी काही मागतही नसे. मीठ हवं असलं तर माणूस मिठाकडे बघत बसे आणि कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत अळणी खाई.

बोरघिल्डबाईंचा मुलगा वेंडेल सतराव्या वर्षी ड्रम वाजवू लागला. ड्रमबद्दल एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते : तो चालतो. पायानं ठोका दिला की मोठा ड्रम इंचभर पुढे सरकतो, आणि जमीन गुळगुळीत असली तर गाणं संपेपर्यंत श्रोत्यांत जाऊन बसतो. होड्या ठेवायच्या शेडमध्ये सराव चालला असताना वेंडेलचा ड्रम सरकत सरकत थेट तळ्यात उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला टेबलाखालून ओढलं. आईला म्हणाला, एका संध्याकाळपुरता नेतो. आई म्हणाली, ने की. तिच्या मनात नव्हतं, पण तसं बोलून दाखवणं आमच्या गावात कोणालाच जमत नसे.

बँडमध्ये तिघं. ड्रमवर वेंडेल. बेस गिटारवर मर्ना डोम्ब्रोव्स्की, ती दिवसा चीजच्या कारखान्यात असे. आणि गिटार घेऊन गाणारा अर्लिस क्लोपेक, वेंडेलचा दुसरीपासूनचा मित्र. अर्लिस गाऊ लागला की धुक्यात, होडीत उताणं पडल्यासारखं वाटे. मी पडलेलोच होतो, मला फक्त होडीची कल्पना करावी लागे. बँडचं नाव ‘द नाइट वॉलाइज’. वॉलाय हा आमच्या तळ्यातला मासा. त्याला अंधारात दिसतं आणि तो बोलत नाही. हे नाव ठरायला पाच महिने लागले, कारण तिघंही ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणत होते.

वेंडेलनं माझ्या अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. ड्रमचा हा पाय इथे, तो तिथे, स्टूल इथे. कुठल्याही परक्या गावात मला अंथरलं की दोन मिनिटांत त्याचं घर उभं राही. शुक्रवारी मासे तळणाऱ्या खानावळी, लग्नं, गोठलेल्या तळ्यावरचा मेळावा, सगळीकडे मी आधी पोहोचे आणि सगळ्यांत शेवटी उठे.

गाण्याच्या मध्यावर एकट्यानं वाजवायची एक जागा येते. दुसऱ्या बँडांत म्हणे तिच्यासाठी मारामाऱ्या होतात. आमच्या गावात ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही, त्यातला निम्मा कापून घेतात आणि निम्मा ठेवतात. तसंच ते. अर्लिस निम्मी जागा वाजवून उरलेली मर्नाला देई, मर्ना तिच्यातली निम्मी वेंडेलला, वेंडेल त्यातली निम्मी पुन्हा अर्लिसला. शेवटी एक सूर उरे. तो कोणीच घेत नसे. तो तसाच वर, दिव्यांच्या आसपास तरंगत राही, आणि लोक घरी जाताना उगाच हळू आवाजात बोलत. एका वर्तमानपत्रानं याला नवी शैली म्हटलं. आमची रेकॉर्ड निघाली. तीन राज्यांतल्या रेडिओवर ती वाजली, आणि गाण्यात एके ठिकाणी स्टुलाचं जे कुरकुरणं ऐकू येतं त्यात माझाही वाटा आहे.

मग कॅलिफोर्नियाहून एक माणूस आला. त्यानं कोट घातला होता आणि मोजे घातले नव्हते. त्याला एकटा अर्लिस हवा होता.

अर्लिसनं ही बातमी बँडला अशी दिली : “तिकडे म्हणे हवा चांगली असते.”

“कोरडी असते म्हणतात,” मर्ना म्हणाली.

“कोरडी बरी,” वेंडेल म्हणाला.

एवढ्यावर चर्चा संपली. पण वेंडेलची टाच माझ्यावर होती, त्यामुळे मला सगळं कळलं. त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतं. अर्लिस गेला तर बँड उरणार नव्हता, आणि बँड नसता तर अर्लिसच्या शेजारी बसायला त्याच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं. त्या उन्हाळ्यात प्रत्येक गाण्याआधी त्याची टाच माझ्यावर दोनदा दाबली जाई, मग उचलली जाई. शब्द दोनच होते.

जत्रेतला कार्यक्रम दुपारी चारला, डुकरांच्या बक्षीस समारंभानंतर होता. तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि अर्लिसनं मांडीवर थाप मारली. म्हणाला, “बरं... मग.”

आमच्याकडे अशी थाप मारली की पाहुणा निघाला असं समजतात. मात्र थाप आणि निघणं यांच्यात दार, पायरी, अंगण, गाडी असे बरेच मुक्काम असतात. मर्ना म्हणाली, “एवढ्यात? अजून केकही कापला नाही.” श्रोतेही रीत जाणणारे, ते उभे राहिले. सगळे मिळून अर्लिसला गाड्या लावायच्या कुरणापर्यंत पोहोचवायला गेले. तो गाडीत बसला, इंजिन सुरू केलं, काच खाली केली, आणि बोलणं काही संपेना. तेव्हा वेंडेल ड्रम घेऊन आला आणि मला गवतावर अंथरलं.

मित्रांनो, तिथून पुढचा काळ आमच्या बँडचा सर्वांत यशस्वी काळ. तो अकरा वर्षं चालला. अर्लिस चालकाच्या जागी बसून, गिटारचा दांडा खिडकीबाहेर काढून गात असे. पेट्रोल संपलं की कोणीतरी भरून आणी, आपल्यामुळे पाहुण्याचा खोळंबा नको म्हणून. हिवाळ्यात लोक गाडीभोवतीचा बर्फ ओढून टाकत. दोन रेकॉर्डी तिथेच झाल्या, आणि ते खोल घुमणारं वाद्य कोण वाजवतं अशी विचारणा कॅलिफोर्नियाहून आली. ते इंजिन होतं. मर्नाचं लग्न कुरणातच लागलं. वसंतात माझ्या विणीतून गवत वर आलं, त्याला निळी फुलं आली, आणि गिरणीतल्या माणसाचं नेमकं काय चुकलं होतं ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

संध्याकाळ झाली की वेंडेल खिडकीशी वाकून वाटेतले रस्ते समजावून सांगे आणि शेवटी म्हणे, हरणं बघ. आमच्या भागात रस्त्यावर हरणं फार आडवी येतात. पण ‘हरणं बघ’ याचा खरा अर्थ हरणं सोडून सगळ्यांना कळतो.

अकराव्या ऑगस्टात त्याची टाच माझ्यावर दोनदा दाबली गेली, आणि उचलली गेली नाही.

“अर्लिस.”

“काय रे?”

“जाऊ नकोस.”

अर्लिसनं किल्ली फिरवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा इंजिन थांबलं आणि तळ्याचं पाणी ऐकू आलं. “मग आधी नाही का सांगायचं, लेका,” तो म्हणाला. “मी केव्हाचा बसलोय इथे.”

मित्रांनो, गालिच्याखाली पुष्कळ गोष्टी सारता येतात. या बाबतीत माझी आणखीच सोय आहे, मी स्वतःच गालिचा आहे. पण तुम्ही लहान आहात, म्हणून सांगतो. निरोप चाळीस मिनिटं चालला. मी कुरणात नव्हतोच, मंचावर ड्रमखाली होतो. वेंडेलनं रस्ते सांगितले, हरणं बघ म्हणाला, गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, आणि गाडी गेली. मग तो परत येऊन स्टुलावर बसला. माझ्यावर टाच टेकून त्यानं ते दोन शब्द उच्चारले, अगदी स्पष्ट. मला ऐकू आले. मला ऐकू येऊन उपयोग नव्हता.

नंतर तो मला आईकडे परत घेऊन गेला. बोरघिल्डबाई दारात उभं राहून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे. म्हणून आता मी वेंडेलच्या गॅरेजमध्ये, बर्फ उडवायच्या यंत्राखाली असतो. अंगाला तेलाचा वास येतो. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण तिनं जागा सोडलेली नाही. मित्रांनो, गालिचे वर्षातून दोनदा उन्हात घाला. झटकताना फार जोरात मारू नका. आणि जे बोलायचं ते ऐकणारा जवळ असतानाच बोला. गालिच्यांना सांगू नका. आम्हाला पुढे कळवता येत नाही.

सबब, जिल्हा जत्रा समितीस नम्र विनंती की, शनिवार दिनांक १४ ऑगस्ट १९८२ हा दिवस पुढील आदेश होईपर्यंत समाप्त करण्यात येऊ नये. गाड्यांच्या कुरणाचे फाटक तातडीने बंद करण्यात यावे. आणि सदर गाडी बाहेर सोडण्यापूर्वी ड्रमवाल्याचे म्हणणे, त्यास कितीही वेळ लागला तरी, ऐकून घ्यावे.