बैठ्या घराचं छप्पर

“अहो, तो हरजित परत आलाय. ड्राइव्हवेत उभा आहे. त्याला काय सांगू?”

“बघतोय म्हणावं.”

“अजून किती बघणार? छप्पर आहे ते, लग्नाची मुलगी नाही!”

एरवी शैलेंद्रने यावर काहीतरी तिरकस उत्तर दिलं असतं. आज तो खिडकीशी नुसताच उभा राहिला. बाहेर हिरवळीवर, कुंपणाला टेकवून, छपरावर घालायच्या शिंगल्सचे सहा रंगांचे तुकडे ओळीने ठेवले होते. हरजितने एकेकाचं नाव सांगत ते नमुने लावून दिल्याला पंधरवडा होऊन गेला होता, आणि मधल्या खोलीच्या सिलिंगवरचा ओलीचा डाग एव्हाना चांगला पसरला होता. चित्राने त्याच्याखाली पिंप ठेवलं होतं. पिंपात पाणी टपटपायचं आणि हिचं डोकं तापायचं.

तीच बाहेर गेली. हरजित बिचारा भला माणूस. हॅमिल्टनच्या या डोंगरावरच्या भागात निम्म्या बैठ्या घरांवर त्यानेच छपरं घातली होती.

“आंटीजी, मैं तो रुक जाऊं, पर बर्फ नहीं रुकेगी,” तो म्हणाला. “ठंड में शिंगल चिपकती नहीं. अंकलजी को बोलो, कुछ भी पक्का कर दें.”

“कुछ भी नहीं चलता उनको. रंग का मामला है ना.”

“वो तो सही है.” हरजित घराकडे बघत म्हणाला, “दो मंझिल का घर हो तो छत कौन देखता है? बंगलो में तो आधा घर छत ही होती है. रोड से पहले वही दिखती है.”

झालं! हे वाक्य शैलेंद्रच्या कानावर गेलं असतं तर आणखी एक महिना गेला असता.

कारण शैलेंद्रने जन्मभर रंगच जुळवले होते. आधी ठाण्याला एका रंगाच्या कारखान्यात, मग इथे हॅमिल्टनला दुसऱ्या. गिऱ्हाईक कुठला तरी पत्र्याचा कपटा घेऊन यायचं, हाच रंग हवा म्हणायचं. शैलेंद्र तो कपटा घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचा आणि सांगायचा, यात चिमूटभर काळा कमी, थेंबभर पिवळा जास्त. निवृत्त झाला तरी मराठी मंडळात कुणाच्या घरी भिंत रंगवायची म्हटलं की पहिला फोन यालाच. गेल्या हिवाळ्यात मंडळातल्याच नंदन आणि गौरांगी या तरुण जोडप्याने नवा काँडो, म्हणजे फ्लॅट, घेतला, तर स्वयंपाकघराच्या रंगासाठी याला गाडी पाठवून नेलं होतं. सोबत चित्राही गेली होती. गौरांगीने तिला चहा दिला आणि रंगाबद्दल काही विचारलं नाही.

विचारणार कशाला? तिच्या स्वतःच्या घरातही कुणी विचारलं नव्हतं. हे घर घेतलं तेव्हा दाराला हळदीसारखा पिवळा द्यावा, असं तिला फार वाटत होतं. “रिक्षा दिसेल,” शैलेंद्र म्हणाला आणि विषय संपला. पडदे, सोफा, लग्नाच्या वाढदिवसाची साडीसुद्धा त्यानेच निवडायची. तो ओरडायचा वगैरे नाही हं. अगदी मायेने म्हणायचा, “अगं, हा रंग आपल्या घरात नको.” आणि दिसायचंही छान, हीच तर पंचाईत! चित्रा दिवसभर हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफवून, निळ्या कापडात गुंडाळून ठेवायची, आणि घरी आली की त्याच्या रंगांत राहायची. भांडण्यासारखं काही नव्हतं. पण मनात एक बोच होती.

म्हणून त्या दिवशी ती आत आल्यावर शैलेंद्रने जे विचारलं, त्याने ती चक्रावलीच.

“चित्रा, तुला काय वाटतं?”

“कशाबद्दल?”

“छपराबद्दल. रंगाबद्दल.”

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. “मला विचारताय?”

“दुसरं कोण आहे इथे?”

“मला... बघून सांगते,” ती म्हणाली. खरं सांगायचं तर तिला गुदगुल्या झाल्या. कुकर लावताना ती चक्क गुणगुणत होती. संध्याकाळी विनिपेगहून जाईचा, म्हणजे मुलीचा, फोन आला. जाई म्हणाली, “आई, जस्ट गो विथ चारकोल. एव्हरीबडी डझ. पुढेमागे विकायचं असेल तर सोपं.” चित्राने तिला उडवून लावलं. “बाबांनी मला विचारलंय,” ती म्हणाली. “मी बघते काय ते.”

शनिवारी धो धो पाऊस लागला. भिजल्यावर रंग नीट कळायचे नाहीत म्हणून चित्राने ते उचलून गराजमध्ये ठेवले. रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं, तशी तिने ते पुसून पुन्हा कुंपणाला लावले, हाताला येतील तसे. त्या ओळीला काही क्रम होता आणि तो कुणी पाठ केला होता, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शैलेंद्र चहाचा कप घेऊन बाहेर आला. पायरीवरूनच म्हणाला, “ठरवलं मी. तुला उगाच त्रास नको.”

चित्राचा चेहरा पडला. झाली का हौस! तिने विचारलं, “कुठला?”

“डावीकडून दुसरा. पारवा. शांत आहे, विटांना शोभेल.”

डावीकडून दुसरा विटकरी होता. साधासुधा नाही, भडक विटकरी. त्या दोन रंगांत गल्लत चौथीतल्या पोरानेही केली नसती. चित्राला वाटलं, हा गंमत करतोय. ती हसणारच होती, पण त्याच्या चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं. तो मान जराशी तिरकी करून, कडेने बघितल्यासारखा, त्या तुकड्याकडे बघत होता.

तिने पुढे होऊन चौथा तुकडा उचलला. “आणि हा?”

“तो तपकिरी. नको, विटांत मिसळून जाईल.”

तिच्या हातात शेवाळी रंग होता.

तिला एकेक आठवायला लागलं. वसंतात त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. “आता ट्रॅफिक नको वाटतो गं,” म्हणाला होता, आणि तिने ते खरं मानलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला होता. “नंबर वाढलाय,” एवढंच सांगितलं होतं. हल्ली भाजी चिरताना हा मुद्दाम खिडकीशी का बसतो, म्हणून ती कुरकुरलीही होती. इतकी कशी मी आंधळी, असं तिच्या मनात आलं, आणि त्या शब्दाने तिला चटकाच बसला.

खरं म्हणजे गप्प बसता आलं असतं. त्याने पारवा म्हटलं होतं. हरजितला पारवा सांगायचा, पारवा घालून घ्यायचा, कुणाला कळणार होतं? त्याची मान ताठ राहिली असती. आणि उघड बोलायचं तर दुसराही एक विचार तिच्या मनाला चाटून गेला. तिने स्वतःच्या आवडीचा रंग घातला असता, तरी याला तो पारवाच वाटला असता. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती घाईघाईने बोलूनच गेली.

“अहो, काल पावसात मी शिंगल्स आत नेल्या होत्या. आज लावताना क्रम बदललाय.”

शैलेंद्रने कप पायरीवर ठेवला. मग स्वतःच खाली बसला. समोरच्या घरातला म्हातारा पानं गोळा करत होता. त्याने हात हलवला. चित्राने हात हलवला. शैलेंद्रने नाही.

“म्हणजे दुसरा पारवा नाही,” तो म्हणाला.

“विटकरी आहे.”

“हं.”

“कधीपासून?”

“रंग? उन्हाळ्यापासून. भडक काय ते थोडंफार कळतं, तेही नेहमी नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसतं, मधलं जातं. इंजेक्शनं देताहेत.”

“इंजेक्शनं? डोळ्यात? आणि तुम्ही जाता कसे?”

“बसने. तू ड्यूटीवर असतेस तेव्हा.”

आता मात्र चित्राचा तोल सुटला. “अहो, मी त्याच हॉस्पिटलात असते! तळघरात हत्यारं धुते आणि वर तुम्ही एकटे डोळ्यात सुया टोचून घेता? कोण समजता कोण मला? मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू?” त्याचा आवाज चिरकला. “रंग सोडून दुसरं येतं काय मला? लोक बोलावतात ते त्यासाठीच ना? ते गेलं तर माझ्याजवळ उरतं काय, चित्रा?”

“मी उरते की! मला काय भाजीत घालायचंय?”

हे असलं काहीतरीच तिच्या तोंडून निघालं आणि दोघांनाही हसू आलं. मग ते हसणं तिच्याच्याने आवरेना, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते तिला कळलं नाही. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. समोरचा म्हातारा सभ्य माणूस होता. तो पानं तशीच टाकून आत गेला.

बऱ्याच वेळाने शैलेंद्र म्हणाला, “तूच निवड आता.”

“मला नको.”

“अगं, परवा तर गुणगुणत होतीस.”

“तेव्हा तुम्ही मला विचारलंत असं वाटलं होतं.” तिने नाक पुसलं. “आणि रिक्षा दिसली तर?”

“दिसू दे. भाडं तरी मिळेल.”

मग ती उठली. तिने हरजितला फोन लावला आणि शिडी घेऊन बोलावलं. रविवार असूनही तो आला. रंग कसा बघायचा ते शैलेंद्र खालून सांगत होता. जमिनीवर नको, छपराच्या उतारावर ठेवा. एका वेळी दोनच ठेवा. चित्रा, तू रस्त्यापलीकडे जा. रंगाकडे बघू नकोस, घराकडे बघ. आता डोळे अर्धे मीट. काय आधी दिसतं, वीट की छप्पर?

“छप्पर,” ती पलीकडून ओरडली.

“मग तो नको. पुढचा!”

अशी तिची शिकवणी दुपारपर्यंत चालली. हरजित वर-खाली करून घामाघूम झाला, पण त्याने हूं की चूं केलं नाही. त्याला काय कळलं असेल ते असो. दुपारी उन्हाची तिरीप बदलली तेव्हा चित्राने पुन्हा एकदा रस्ता ओलांडला आणि तिथूनच म्हणाली, “शेवाळी.”

“शेवाळी?” शैलेंद्र दचकला. “त्या पिवळट विटांवर...” त्याने तोंड उघडलं तसं मिटलं. “घराला शोभतोय?”

“शोभतोय.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. “हरजित, पक्का.”

पुढच्या आठवड्यात दोन दिवस घरावर ठोकाठोकी चालली आणि छप्पर पुरं झालं. मधल्या खोलीतलं पिंप चित्राने धुऊन गराजमध्ये टाकलं. शनिवारी नंदन आणि गौरांगी दिवाळीच्या चकल्या घेऊन आली. गाडीतून उतरता उतरताच नंदनने आ वासला.

“काका! काय रंग आहे! घर एकदम जमिनीतून उगवल्यासारखं वाटतंय. आम्ही असतो तर ग्रे घालून मोकळे झालो असतो.”

“ऑसम, काका,” गौरांगी म्हणाली. “नजर म्हणजे तुमचीच!”

चित्राने हे आधीच ठरवून ठेवलं होतं. लोक म्हणणार, आपण मान डोलवायची. नाव त्याचं झालं म्हणून आपलं काय जातं? ती पुढे होऊन म्हणाली, “हो ना, यांचं काय...”

“माझी नाही गं नजर,” शैलेंद्र मध्येच म्हणाला. “चित्राने निवडला. मला आता रंग दिसत नाहीत. आपल्याकडे रंगाचं हीच बघते.”

नंदन हातातल्या डब्याकडे बघत राहिला. शेवटी गौरांगीनेच धीर केला. “काकू, मग आमच्या बेडरूमचं जरा बघायला याल? आम्ही भांडतोय त्यावरून.”

“येईन की,” चित्रा म्हणाली.

आयुष्यभर ज्या वाक्यासाठी ती आतल्या आत झुरली, ते वाक्य चारचौघांत, अगदी सहज म्हटलं गेलं होतं. तिला मात्र वाटत होतं, कुणीतरी हे परत न्यावं. याने एकदा डोळे भरून वर बघावं, नाक मुरडावं आणि म्हणावं, शेवाळी कसला घालतेस, चित्रा?

पोरं चकल्यांचा डबा घेऊन आत गेली. शैलेंद्र ड्राइव्हवेतच थांबला होता, मान तिरकी करून.

“आत्ता कसा दिसतोय?” त्याने विचारलं.

ऊन कलतीला लागलं होतं. छपराची एक बाजू उजळली होती आणि दुसरी सावलीत गेली होती. या उजळलेल्या बाजूला नक्की काय म्हणायचं, ते चित्राला सुचेना. याला बरोब्बर शब्द सापडला असता.

“एका बाजूला सोनेरी झालाय,” ती म्हणाली.

“किती सोनेरी?”

चित्रा बघत राहिली. “थांबा,” ती म्हणाली. “नीट बघून सांगते.”

तो थांबला.