बाबांना सगळं ऐकू येतं

ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भगव्या कफनीतले बाबा डोळे मिटून हवेत हात फिरवत होते. "कुणाच्या तरी छातीत गाठ आहे... वाटाण्याएवढी... घरीसुद्धा सांगितलेली नाही!"

रिसेप्शनवर बसणारी माझी वहिनी रडायलाच लागली.

"शस्त्र लावू नकोस, पोरी. मी तरंग सोडलेत. विरघळेल ती!"

तरंग म्हणे! लोकांनी टाळ्या पिटल्या. मालकांनी तर बाबांना आमच्या मनःशांतीसाठी ऑफिसातच कायमची खोली देऊन टाकली होती. वहिनीनं त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख रद्द केली.

"अगं, यांनासुद्धा सांगितलं नव्हतं," ती मला म्हणाली. "फक्त तुला, तेही इथल्या फोनवर. मग बाबांना कसं कळलं?"

फोनवर. माझं डोकं तिथंच अडकलं.

ऑफिसचं नेटवर्क मी आणि दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, सांभाळतो. सगळ्या तारा स्विच नावाच्या पेटीत येतात. त्या एकाच पेटीत आम्ही निरनिराळी नेटवर्क आखतो, त्यांना व्हीलॅन म्हणतात. कॉम्प्युटरचं वेगळं, फोनचं वेगळं. आणखी एक खास व्हीलॅन असतं, त्यातून दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सगळ्याची नुसती नक्कल जाते, बिघाड शोधण्यापुरती. मी पाहिलं, तर तसलं एक चालू होतं. फोनवरच्या प्रत्येक बोलण्याची नक्कल थेट बाबांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर! पासवर्ड आम्हा दोघांकडेच, आणि मी तर काही केलं नव्हतं. ज्यानं मला हे काम बोट धरून शिकवलं, त्यानं?

वहिनीला मी एवढंच म्हणाले, "मी तुला फोन करून धडधडीत खोटं बोलणार आहे. तू नुसतं हं हं म्हण." मग हुंदके देत फोनवर सांगितलं, की माझं एक मूत्रपिंड निकामी झालंय.

पुढच्या बैठकीत बाबा माझ्याकडे बोट करून डोलायला लागले. "या मुलीचं मूत्रपिंड... डावं... सुकत चाललंय!"

"दोन्ही ठणठणीत आहेत," मी म्हणाले, आणि सगळ्यांना त्यांच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटरमध्ये साठवलेले माझेच हुंदके ऐकवले. बाबांची बोबडी वळली.

वहिनी दादाकडे वळली. "अहो, हे तुम्ही केलंत?"

"बाबांनी मागितलं, मी जोडून दिलं. लोकांना धीर यायचा गं."

"आणि मी तारीख रद्द केली, तेव्हा गप्प का बसलात?"

"ऐकायची सोय माझी होती," तो चाचरत म्हणाला, "पण बरं करायची शक्ती त्यांचीच आहे. मला खरंच वाटलं, विरघळेल."

बाबांपेक्षा मला त्याचाच जास्त संताप आला. अरे, ज्याला नुसतं ऐकायलासुद्धा तुझी तार लागते, तो गाठ काय विरघळवणार? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायचा होता! चमत्कार दिसला की तुम्हीही हेच विचारा: याला हे कळलं कुठून? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.

वहिनीनं रिसेप्शनवर जाऊन हॉस्पिटलला फोन लावला आणि लवकरात लवकरची तारीख मागितली. सोबत कोण येणार, असं तिकडून विचारलं असावं. दादा दारातच उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"माझी नणंद," ती म्हणाली.