कॉनचा नवा शर्ट

"काय रे कॉन, नेमकी त्याच दिवशी मेली बंद पडायची होती का तुझी गाडी?" मॉरीनने सॉसने माखलेली दोन सँडविचेस ट्रकच्या खिडकीतून आत दिली. गावच्या मैदानावरचा खाण्याचा ठेला तीच चालवायची, आणि जीभही.

"गाडीला काय कळतंय, पोराची पहिली मॅच आहे ते," कॉन हसून म्हणाला.

"आणि आज एवढा नटलायस? पांढरा शर्ट! लग्नबिग्न ठरलं की काय?"

"तू हो म्हणालीस तर ठरलंच!"

ती खिदळत गेली. शेजारी बसलेल्या त्याच्या पोराने, नेडने, मान वर केली नाही. गाडी बंद पडलीच नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मैदानाभोवती गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या होत्या. या थंडीत बाहेर कोण बसणार? मॅच गाडीतूनच बघायची आणि आपल्या पोरांनी गोल मारला की हॉर्न वाजवायचा. नेड इथेच फुटबॉल खेळून मोठा झाला आणि गेल्या शनिवारी मेलबर्नच्या मोठ्या क्लबकडून पहिल्यांदा उतरला. पहिल्या सामन्याआधी अख्ख्या संघासमोर घरचं माणूस नव्या खेळाडूच्या हातात जर्सी देतं. आई कधीच गेली होती. तो मान कॉनचाच.

पण कॉन गोठ्यागोठ्यांतून मेलेल्या गाई उचलून नेणारा माणूस. शहरातल्या बड्या शाळेने नेडला खेळासाठी फुकट घेतलं, तेव्हा हा ट्रक फाटकाशी आला की पोरं नाकं दाबून हंबरायची. ते हंबरणं नेडच्या कानातून गेलंच नाही. त्याने क्लबला सांगून टाकलं, "बाबांना कामातून सुटका नाही." जर्सी शाळेतल्या टायवाल्या मास्तरांनी दिली. सगळ्या गावाने ते टीव्हीवर पाहिलं. सामना जिंकला, नेडने गोलही मारला, आणि रात्रभर त्याला स्वतःचीच किळस येत राहिली.

"बाबा, गाडी बंद पडली असं का सांगितलंत सगळ्यांना?"

"मग काय सांगू?" कॉनने सँडविचचा कागद उलगडला. "तुमच्या क्लबातल्या बाईंचा फोन आला होता, आदल्या दिवशी. फार गोड बोलल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, 'कामामुळे तुम्हाला येता येत नाही, आम्हाला फार वाईट वाटतंय.'"

नेडने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो ना बाई. गाई वितायत, विताना मरतातही, ऐन हंगाम. मान वर काढायला फुरसत नाही." त्याने सँडविचचा घास घेतला. "तुला खोटं कसं पाडू रे?"

नेडला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बापाच्या शर्टाला अजून दुकानातल्या घड्या होत्या, छातीवर आडव्या आणि उभ्या. हा शर्ट कुठल्या शनिवारसाठी घेतला होता, हे विचारायची गरजच नव्हती.

"बाबा, माझं..."

तेवढ्यात गावच्या पोरांनी गोल मारला. चारी बाजूंनी हॉर्न वाजू लागले. कॉनने तळहात दाबून ठेवला, सगळ्यांचे थांबल्यावरही त्याचा वाजतच राहिला.

"तुझ्या गोललाही वाजवला होता," तो म्हणाला. "घरीच, अंगणात. रेडिओ लावून याच ट्रकात बसलो होतो."

वारा हाडं गोठवत होता. तरी ट्रकच्या दोन्ही काचा खाली होत्या. नेडला कुठे सोडायचं असलं की कॉन त्या नेहमीच खाली ठेवायचा. वास येतो म्हणून.

नेडने हँडल फिरवून आपल्या बाजूची काच वर घेतली.

"अरे, राहू दे उघडी," कॉन घाईघाईने म्हणाला.

"थंडी वाजतेय बाबा."

कॉनने मग आपलीही काच वर घेतली, आणि नव्या शर्टासकट अंग चोरून, नेडपासून जेवढं लांब बसता येईल तेवढा दाराकडे सरकला.