सुईताईचं प्रकरण

विनोदी लेखकावर विश्वास ठेवू नये. गंभीर लेखक परवडला. तो आधीच तोंड पाडून बसलेला असतो, त्यामुळे त्याच्याजवळ मन मोकळं करायला कुणी जात नाही. हसवणारा माणूस मात्र आपला वाटतो. मला वाटला. एक्कावन्नाव्या वर्षी अक्कल आली, आता तिचं काय लोणचं घालायचंय?

'बोळकोबा पुन्हा तहानला' हा दुसरा भाग पुस्तकांच्या दुकानात आला त्या दिवशी मी कपडे दुरुस्तीची सगळी गिऱ्हाइकं उद्यावर ढकलली, शटर अर्धं ओढलं आणि पुस्तक आणायला धावले. मी आणि दादा, दोघांनी सहा वर्षं वाट पाहिली होती. पहिल्या भागात बोळकोबा नावाचा चारशे वर्षांचा व्हॅम्पायर असतो. त्याचे सगळे दात पडलेले. कवळी करून घ्यायला तो दातांच्या डॉक्टरकडे जातो, तर डॉक्टरची बाई त्याला दुपारी बाराचीच वेळ देते. दिवसाउजेडी बाहेर पडला तर जळून राख होणार, नाही पडला तर उपाशी मरणार. एवढीच गोष्ट, पण ती ऐकून दादा इतका हसला होता की मशीनचा अलार्म वाजला होता.

मशीन म्हणजे डायलिसिसचं. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते तीन. दादा घड्याळजी होता. साखरेनं आधी त्याचे डोळे नेले आणि मग किडन्या. वहिनी त्याच्या आधीच गेली होती, मूलबाळ नाही. राहता राहिले मी. चार तास डाव्या हातात दोन सुया घालून, हात न हलवता पडून राहायचं, त्यात दिसत काही नाही. म्हणून मी वाचायचे आणि तो ऐकायचा. आमचा एकच नियम होता: पुढचं पान आधी वाचायचं नाही.

नियम माझा होता, आणि त्याला कारण होतं. लहानपणी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक आधी दादाच्या हातात जायचं. मोठा ना तो! मी दहाव्या पानावर पोचेपर्यंत हा शेवट सांगून मोकळा. "छोटे, खून माळ्यानं केलाय गं!" असं ओरडायचा आणि पळायचा. खिडकीजवळचा पलंग त्याचा. नवं पेन त्याचं, जुनं मला. वाईट नव्हता हो. पाय मुरगळला तेव्हा महिनाभर मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं त्यानं. पण मोठा वाटा तो घ्यायचा आणि आपण मोठा वाटा घेतोय हे त्याच्या गावीही नसायचं.

आता ते सांगते, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

चार वर्षांपूर्वी किडनी देण्यासाठी माझ्या तपासण्या झाल्या आणि जुळल्या. हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला खोलीत बसवलं, दार लावलं आणि विचारलं, "तुमची मनापासून तयारी आहे का? नसेल तर आत्ता सांगा." मी म्हटलं, नाही. मला भीती वाटली. ऑपरेशनची वाटली, मरायची वाटली. आणि भीतीच्या मागून एक दुसरा विचार आला, की हाही वाटा शेवटी त्यालाच. आला तो आला. मी काही त्याला बोलवायला गेले नव्हते. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही त्यांना 'जुळत नाही' एवढंच सांगतो. कारण सांगायचं नसतं."

दादाला तसं सांगितलं गेलं. मी त्याच्या खाटेजवळ बसून ढसाढसा रडले. तर त्यानं चाचपडत माझा चेहरा शोधला, डोळे पुसले आणि म्हणाला, "जाऊ दे गं छोटे. तुझी किडनी माझ्यात बसवली असती तर दिवसभर कुरकुरली असती." आणि हसला. माझी समजूत घातली त्यानं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग मी आमच्या लेखकाला पत्र लिहिलं. अकरा पानं. दुसरा भाग लवकर लिहा, माझ्या भावाकडे फार वेळ नाही, असं लिहिलं. दादाचे विनोद लिहिले, आमचं लहानपण लिहिलं आणि शेवटच्या दोन पानांत ते सगळंही लिहून टाकलं. ज्याचं तोंड कधी बघायचं नाही त्याला काहीही सांगता येतं, असं वाटलं. उत्तर म्हणून एक छापील कार्ड आलं: 'आपल्या लोभाबद्दल ऋणी आहे.' खाली हातानं काढलेली कवळी. ते कार्ड मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनशेजारी जपून ठेवलं. किती मूर्ख असावं माणसानं!

तर मंगळवारी आम्ही पुस्तक सुरू केलं. पहिलं प्रकरण झकास. दुसऱ्यात बोळकोबाचं रक्त नासतं आणि त्याला मशीनवर ठेवतात. दादा खूश. "आमच्यात आला गडी!" म्हणाला. आणि मी पुढचं वाक्य वाचलं. "'हे मशीन माझं रक्त पितं,' बोळकोबा म्हणाला, 'पण चार तासांनी परत तरी करतं. आमच्या खानदानात एवढं प्रामाणिक कुणी झालं नाही.'"

दादा उठायलाच लागला. टेक्निशियन ओरडली, "काका, हात! हात हलवू नका!"

"अगं, हे माझं वाक्य आहे! छोटे, मी म्हटलं होतं ना हे?"

मला कबूल करावंच लागलं. "मी पत्र लिहिलं होतं त्यांना. तुझे विनोद कळवले होते."

एवढा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत बघितला नव्हता. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर असतात. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही अमर झालात की हो!"

"व्हॅम्पायर आहे मी, मास्तर. आधीच अमर. अजून किती करता?" दादा म्हणाला. सगळा वॉर्ड हसला. मग माझ्याकडे तोंड वळवून तो म्हणाला, "मी आहे म्हणजे तूही असशील गं पुढे."

मी घाईनं म्हटलं, "छे, बहीणबिहीण नाहीये यात."

"तुला काय माहीत? पुढचं वाचलंस?"

"नाही रे. आपलं असंच म्हटलं."

त्या दिवशी दुकानात परतले आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या पुस्तक उघडलं. माझाच नियम मी मोडला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पाचव्या प्रकरणात ती सापडली.

तिचं नाव सुईताई. शवपेट्यांना आतून अस्तर शिवते. दोऱ्याचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून मेलेल्या गिऱ्हाइकांना जरा आखडून झोपायला सांगते. बोळकोबाला निरोगी रक्त हवं असतं आणि सुईताईचं जुळतं. मग 'सुईताईनं डॉक्टरला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाली, जुळत नाही म्हणून सांगा. तीनशे नव्वद वर्षांपूर्वी यानं माझा खिडकीजवळचा पलंग घेतलाय.' त्यानंतर ती भावाच्या पेटीशी बसून रडते. तीन रुमाल भिजतात, चौथा ती शेजारच्या मढ्याच्या खिशातून काढते, आणि बिचारा बोळकोबा तिचीच समजूत घालत बसतो. शेवटी लेखकमहाशय म्हणतात, 'वाचकहो, घरात अशी बहीण असल्यावर छातीत खुंटी ठोकायला बाहेरचा माणूस कशाला हवा?'

तळपायाची आग मस्तकात गेली. पण सगळ्यात वाईट काय सांगू? चौथ्या रुमालाला मला हसू आलं. फार चांगलं लिहिलं होतं मेल्यानं. आणि त्यात खोटं म्हणावं असं एकही वाक्य नव्हतं. मी ते कार्ड फाडलं आणि केराच्या टोपलीत चिंध्यांवर टाकलं.

दादाला दिसत नाही, याचा मला त्या दिवशी आधार वाटला. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी तिसरं आणि चौथं प्रकरण झालं. पुढच्या मंगळवारी पाचवं. मी पुस्तक समोर धरलं आणि मनचंच वाचायला लागले. बोळकोबा चष्मा करायला जातो, आरशात त्याचं प्रतिबिंब पडत नाही, म्हणून फ्रेम कशी दिसते ते त्याला कळत नाही, असलं काहीतरी. घामाघूम झाले मी. कुणी हसलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "आज काही रंगलं नाही हो. पण मी एक प्रत घेणार आहे. निवांत पहिल्यापासून वाचीन म्हणतो."

दादा छताकडे तोंड करून पडला होता. "आज जमलं नाही त्याला," म्हणाला.

"कुणाला?"

"लेखकाला. थकला असेल."

हेडमास्तर प्रत घेणार म्हटल्यावर शुक्रवारी मला अकराच्या आधी पोचायलाच हवं होतं. आणि नेमकी त्याच दिवशी एक बाई ड्रेस घालून बघायला म्हणून पडद्यामागे गेली आणि चेन अडकून बसली. वर जाईना, खाली येईना. शेवटी पाठीवरची शिवण उसवून मी तिला त्यातून बाहेर काढलं. ती म्हणत होती, "हळू हो, कापड महागाचं आहे!" आणि मी घड्याळाकडे बघत होते. पाऊण तास गेला त्यात.

वॉर्डच्या बाहेरूनच हसण्याचा आवाज आला. हेडमास्तर पुस्तक एका हातात धरून, शाळेतल्या प्रार्थनेनंतर सूचना वाचाव्यात तशा खणखणीत आवाजात वाचत होते. खुंटीचं वाक्य संपलं आणि सगळा वॉर्ड खो खो हसला. टेक्निशियननं तर मास्क खाली ओढून डोळे पुसले.

"या, या!" हेडमास्तर मला म्हणाले. "अहो, तुमच्याकडून एक अख्खं प्रकरण सुटलं की! काय बहीण रंगवलीय! आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, ते हे असं. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "पानं चिकटली असतील, मास्तर. नव्या पुस्तकांत होतं तसं."

मी स्टुलावर बसले. दादाचा चेहरा नेहमीसारखाच होता. हेडमास्तर दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलायला लागले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "खिडकीजवळचा पलंग."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"जुळलं होतं?"

"हो."

"चार वर्षं."

"हो, दादा."

नळीतून रक्त जात होतं, येत होतं. मला सहन होईना. अशा वेळी माणसं जे म्हणतात ते त्यानं म्हणावं म्हणून मी अक्षरशः भीक मागितली. "तू नकोच म्हणाला असतास ना रे? मी देते म्हटलं असतं तरी तू घेतली नसतीस. हो ना?"

त्यानं थोडा वेळ विचार केला. खरंच विचार केला, मला दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी घेतली असती. पहिल्याच दिवशी. तुला दुखेल का, हेसुद्धा विचारलं नसतं." मग म्हणाला, "आणि तुला ते माहीत होतं."

"माहीत होतं."

"हं. मग वाच."

मी पिशवीतून पुस्तक काढलं, सहावं प्रकरण उघडलं आणि घसा साफ केला.

"सहावं नाही. पाचवं."

"दादा, ते आत्ताच झालंय."

"मास्तरांनी वाचलं. चांगलं वाचतात मास्तर. पण सुईताई मला तुझ्या आवाजात ऐकायचीय."

मी इकडेतिकडे बघितलं. हेडमास्तरांनी "वा वा, पुन्हा होऊ द्या!" म्हणून उशी सरळ केली. टेक्निशियन माझ्यासाठी पाण्याचा ग्लास ठेवून गेली. मी वाचायला लागले. आखडून झोपणाऱ्या गिऱ्हाइकांना सगळे हसले. 'जुळत नाही म्हणून सांगा' हे मी वाचलं. पलंग वाचला. पहिल्या रुमालापर्यंत आवाज धड होता. दुसऱ्याला फाटला, आणि तिसऱ्याला मी खरीच रडायला लागले. वॉर्डला वाटलं, बाई काय नक्कल करतेय! हशा पिकला. हेडमास्तरांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण एका हातात सुया असल्यामुळे त्यांनी खाटेच्या दांडीवर थाप मारली.

दादा हसला नाही. त्याचा उजवा हात मोकळा होता, माझ्यापासून वीतभर अंतरावर, पांघरुणावर पडलेला. तो त्यानं उचलला नाही.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "अजून दोन तास आहेत."