मानाचा नारळ आणि वाडीभर सुतक

आंबेनळी घाटाच्या अंगाला सकपाळांची वाडी आहे. माणसं सगळी सकपाळ, म्हशी सकपाळांच्या, भांडणंही सकपाळांचीच. पोस्टमननं नुसतं 'सकपाळ' म्हणून हाक मारली, तर गोठ्यातल्या रेड्याखेरीज सगळे ओ देतील. पण सगळे सकपाळ सारखे नव्हेत हो. थोरल्या घरचा पुरुष तो मानकरी. शिमग्याला देवीच्या पालखीला पहिला खांदा त्याचा, मानाचा नारळ त्याच्या हातात. बापाकडून मुलाकडे चालत आलेला मान. त्यात मिळकत शून्य, पण त्यापायी सख्ख्या भावांनी एकमेकांचं पाणी सोडलेलं.

असा हा मानकरी चांगू सकपाळ ऐन शिमग्याच्या तोंडावर वारला. मुलगा नाही. एकच मुलगी, गौतमी, दासगावला दिलेली.

आणि इकडे धाकट्या घरच्या नाथूच्या पोटात गुदगुल्या. जन्मभर बिचारा पालखीच्या मागच्या दांड्याला. तिथून दिसतं काय, तर पुढच्याची पाठ. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. मरायच्या आधी एकदा तो नारळ आपल्या हातात यावा, एवढंच त्याला देवाकडे मागायचं होतं.

त्याचा पुतण्या विनोद लंडनला हॉटेलात आचारी. शिमग्याला आलेला. ओट्यावर बसून तो सांगू लागला, "काका, तिकडं पण सेम हाय. लॉर्ड मेला आणि मुलगा नसला, की आडनाव धरून मागं मागं जातात. चुलत-चुलत करत कुणीतरी सापडतोच. मग तो टॅक्सी का चालवीना, झाला लॉर्ड."

"आन मुलगी?"

"तिला दागिने वगैरे. किताब बहुतेक नाय."

"इंग्रज शाणा," नाथू म्हणाला.

आता चांगूला सगळ्यात जवळचा कोण, हे ठरायचं कशावरून? आमच्याकडे त्याचं माप एकच, सुतक. दहा दिवसांचं सुतक ज्याला, तो रक्ताचा. सात पिढ्यांपलीकडे गेलं की सुतक तुटलं, तो नुसता आडनावाचा. म्हणून अग्नी नाथूनंच दिला. दहाव्याला करायचं मुंडण त्यानं पहिल्याच दिवशी उरकलं आणि घोंगडी पांघरून तो दारात बसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

"अवो, तो जिता व्हता तवा बांधावरनं कोयता उगारलावता तुमी त्याच्यावर," बायको आवडी म्हणाली.

"तू गप गो. रक्त ते रक्त."

पण वाडीत अक्कल एकट्या नाथूलाच थोडीच वाटलेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक सकपाळ भादरून आला, मग त्याचा भाऊ, मग पलीकडचं घर. ज्यांच्या आजानं सुतक तुटल्याचं भर गावकीत सांगितलं होतं, त्यांनाही नातं आठवलं. घराघरांतली फोडणी बंद झाली. पोलादपूरच्या न्हाव्यानं शेवटी विचारलं, "अख्खी वाडी तिरुपतीला निघाली का काय?"

चांगूला जाऊन पाच दिवस झाले आणि पालखीचा दिवस उजाडला. सगळे सकपाळ देवळापासून चार हात लांब, उन्हात डोकी चमकवीत उभे.

खालच्या गावचा गुरव पायरीवर आला. "पालखी आज निघायलाच पायजे. सुतक कोणाला नाय? त्यांनी पुढं या."

कोणी हललं नाही. पुढे येणं म्हणजे 'मी चांगूचा कोणी नव्हे' असं चारचौघांत कबूल करणं. आता आली का पंचाईत? जो वारस, त्यानं देवाला हात लावायचा नाही, आणि जो हात लावील, तो वारस नव्हे. नाथूनं इतरांकडे पाहिलं, इतरांनी नाथूकडे. पुढे यावं तर जन्माचा मान जातो, म्हणून नाथूनं घोंगडी आणखी घट्ट लपेटून घेतली.

तेवढ्यात बायकांतून गौतमी पुढे आली. "मी काढते पालखी. दिलेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवस. माझं फिटलं."

"बाईमाणूस?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"ज्याची हरकत असंल त्यानं सवता उचलावी," गुरव म्हणाला. आणि त्यानं नारळ गौतमीच्या हातात दिला.

ती नाथूकडे वळली. "नाथूकाका, आबा दिवाळीपास्नं हातरुणावर व्हते. तुमच्या घरनं वाटीभर पेज आली नाय. आन आज माझ्या बापासाठी सगळी वाडी डोकी भादरून उभी हाय." आवाज चढवून बोलली असती तर नाथूला भांडता तरी आलं असतं.

शिमग्याला आलेल्या माहेरवाशिणींनी पदर खोचले आणि पालखी उचलली. पहिला खांदा गौतमीचा. ढोल वाजला. पालखी दारोदार फिरली, पण सुतकामुळे एकाही घराला तिला ओवाळता आलं नाही. प्रत्येक उंबऱ्यासमोर ती जरा थांबे आणि पुढे जाई.

नाथूच्या अंगणात ती आली, तसा तो सवयीनं उठून पायरी उतरायला लागला. आवडीनं त्याची घोंगडी धरून त्याला मागे ओढलं.

"आत व्हा मानकरी. देवीवर सावली पडंल तुमची."

त्यानं दाराआडून पाहिलं. पालखी वळली, खालच्या घराकडे गेली. चांगू मेल्याचं खरं दुःख नाथूला तेव्हा झालं.