खिळ्याला टांगलेली जाळी

मी उसाच्या चरकाची जाळी. लोखंडाने बोलू नये, असा संकेत आहे आणि तो मी पुष्कळ काळ पाळला. परंतु माझ्यासमोर जे घडले ते मी सांगितले नाही, तर त्याचा दोष एका निरपराध दारावर कायमचा राहील. म्हणून बोलते.

नागपुरातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. मुकुंद नावाच्या कारागिराने जाड जाळी कापून तिला लांबट, चौकोनी तोंडाचा आकार दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि वर पिवळा रंग लावला. चरकाचे दातेरी रूळ अखंड फिरत असतात. त्यांच्या पुढ्यात बसायचे, ऊस आत जाऊ द्यायचा आणि हात बाहेर ठेवायचा, हे माझे काम. रंग वाळल्यावर मुकुंदने माझ्या तोंडात स्वतःचा हात घालून पाहिला. तो अंगठ्याच्या मुळापाशी अडला. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "पाहा चंद्रभानभाऊ, ऊस रुळापर्यंत पोचते, हात नाई पोचत." माझे सारे शिक्षण त्या एका वाक्यात झाले.

चंद्रभान मूळचे खाप्याचे. कोराडीच्या रस्त्यावर, जिथे कोळशाचे ट्रक वळतात आणि वीज केंद्रातली माणसे बसची वाट पाहत उभी असतात, तिथे त्यांची रसवंती आहे. त्यांच्या पत्नी रुखमाबाई पेले विसळतात आणि रस गाळतात. रुळाच्या दांड्याला घुंगरू बांधले आहेत. चरक फिरू लागला की ते वाजतात आणि रस्त्यावरचा माणूस आपोआप मान वळवतो. घुंगरांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. जाळीकडे पाहणारा विरळा.

पहिला हंगाम मी माझ्या जागी नीट बसले होते. अडचण एकच होती. एकदा पिळलेला ऊस दुमडून, त्या घडीत अर्धे लिंबू आणि आल्याचा तुकडा दाबून तो पुन्हा चरकात घालतात. ही जाड घडी माझ्या तोंडात अडकत असे. चंद्रभान ती काडीने ढकलत आणि गिऱ्हाईक घड्याळ पाहत असे. त्यात माझा अपमान होता, असे मी मानत नाही. सांभाळणाऱ्याने थोडा उशीर करायचाच असतो.

दुसऱ्या हंगामात, महाशिवरात्रीला दुकान उघडले. चरक धुतला, त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. रुळांना हार घालायचा, तर मध्ये माझी अडचण. तेव्हा चंद्रभानांनी माझे बोल्ट काढले आणि मला मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. रुखमाबाईंनी पाहिले, तर माझ्या भोकांत उदबत्त्या छान उभ्या राहत होत्या. हार वाळला, निर्माल्यात गेला. मी मात्र खिळ्यावरच राहिले. मला कोणी टाकून दिले नव्हते. उलट, रोज सकाळी माझ्यापुढे हात जोडले जात. देवाच्या कामी लावले, म्हणजे माझे मूळचे काम कोणी विचारणार नाही, हे मला त्या धुरात हळूहळू उमगले.

त्याच सुमारास मोनाली दुकानात येऊ लागली. चंद्रभानांची धाकटी बहीण वंदना काटोलला संत्र्यांच्या बाजारात फळे निवडण्याचे काम करते. मुले शहरात शिकावीत, म्हणून तिने मोनालीला आणि लहानग्या आयुषला भावाकडे ठेवले होते. मोनाली नववीत होती. शाळा सुटली की ती दप्तर बाकाखाली सरकवून चरकाशी बसे. तिला कामावर ठेवले आहे, असे कोणीही म्हणत नसे. घरचीच पोर, मामाला हातभार लावते, एवढेच. तिच्या हातांना वेग होता. घडी मुठीत आवळून ती अशी झटकन आत सारी की लोक कौतुक करीत. त्या कौतुकाने मला फार भीती वाटे.

अनंतराव म्हणून एक निवृत्त गृहस्थ नेहमी येत. चांगले शिकलेले, बोलणे सौम्य. एकदा त्यांनी विचारले की ह्या यंत्राला पुढे जाळी असते ना, ती कुठे गेली? चंद्रभानांनी हसून माझ्याकडे बोट दाखवले. "ते काय, देवाजवळ हाय." अनंतरावही हसले, बर्फ कमी घालायला सांगून त्यांनी रस घेतला आणि गेले. त्यांनी विचारले, हे खरे. परंतु उत्तर ऐकल्यावर ते थांबले नाहीत.

मे महिन्यातल्या एका दुपारी एक बस दुकानासमोर बंद पडली आणि सारे उतारू रसवंतीत शिरले. मोनालीचे दोन्ही हात रसाने आणि लिंबाने ओले झाले होते. एक घडी अर्ध्यात उलगडली. ती निसटू नये, म्हणून तिने तळव्याने पुढे दाबली. एवढीच तिची चूक; आणि ती चूक अडवण्यासाठीच मला घडवले होते. मी भिंतीवर होते.

घुंगरू थांबले. चंद्रभानांनी बटण बंद केले, रूळ उलटे फिरवले. त्या वेळचे अधिक वर्णन मी करणार नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो तिचा लिहिण्याचा हात होता.

इस्पितळात सांगितले गेले की घराच्या दारात बोटे चेमटली. रुखमाबाईंनीच तिला तसे समजावले होते. दुकानाची गोष्ट निघाली, तर दुकान बंद पडेल आणि मग तुमचे शिक्षण कसे व्हायचे? मोनालीने मान डोलावली. रुखमाबाई वाईट नाहीत. त्या रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या. पण त्यांनी दोष दाराला दिला आणि उरलेला कुणाच्या तरी लागलेल्या दृष्टीला. दुकान पुन्हा उघडताना त्यांनी एक काळी बाहुली आणली. ती टांगायला जागा शोधली आणि माझ्याच कोपऱ्याला, दोऱ्याने, बांधली.

चरकापाशी आता आयुषला बसवायचे ठरले. त्याचे पाय स्टुलावरून खाली टेकतही नव्हते. घुंगरू आपल्याला वाजवायला मिळणार, म्हणून तो खूश होता. तेवढ्यात मोनाली पट्टी बांधलेला हात छातीशी धरून आली. तिने डाव्या हाताने मला खिळ्यावरून उतरवले, उदबत्त्यांच्या काड्या उपटल्या, बाहुली सोडवून बाकावर ठेवली आणि मला मामांच्या पुढ्यात धरले. माझ्या अंगावरची राख तिच्या फ्रॉकवर सांडत होती.

"काहून वं, देवाजवळची जाळी काढून राहिली?" रुखमाबाई म्हणाल्या.

मोनालीने मला आणखी पुढे केले.  चंद्रभानांनी पाना आणला. बोल्ट गंजले होते, तरी बसले. हात पुसत त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं. आता काही भेव नाही. बस गा आयुष."

त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मला जागेवर बसवले, ते मुलाला बसवता यावे म्हणून.

मोनालीने भावाचे मनगट धरले. "मामा, जाळी लावली म्हणून आयुष काहून बसन? मी डॉक्टरले दार सांगितलं. त्याच्या बारीले मी दार सांगणार नाही."

कोणी रागावले नाही. बाहेर एक ट्रक गेला आणि सगळ्या पेल्यांवर धूळ बसली. चंद्रभानांनी आयुषला उचलून खाली उतरवले आणि त्या स्टुलावर ते स्वतः बसले.

पुढच्या पट्टीच्या वेळी मोनालीने डॉक्टरांना खरे सांगितले. मामा शेजारी खाली मान घालून उभे होते आणि शेवटी, यंत्र माझेच होते, असे म्हणाले. हे रुखमाबाईंच्या रडण्यातून मला कळले. आता चौकशी होईल. कदाचित दुकान बंद होईल आणि मी भंगारात जाईन. माझी तक्रार नाही.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. रसाची वाट पाहत उभे राहाल, तेव्हा चरकाकडे नीट पाहा. जाळी नसेल, तर विचारा, आणि हसून उत्तर मिळाले तरी तिथून हलू नका. जाळी असेल, तर तिच्या मागे कोण बसले आहे, तेही पाहा. मी हात वाचवू शकते. लेकराची दुपार वाचवणे माझ्या ताकदीबाहेरचे आहे.

सध्या भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. उदबत्ती अर्ध्या लिंबात खोचतात. बाकावर मोनाली डाव्या हाताने अक्षरे गिरवते. ती सगळी एका बाजूला कलतात आणि ती चिडून पुन्हा गिरवते. इकडे घडी माझ्या तोंडात अडकते, चंद्रभान ती काडीने ढकलतात, आणि रांगेतले कोणीतरी विचारते, उशीर का होतो आहे? चंद्रभान एकदा बाकाकडे पाहतात आणि काडी पुन्हा उचलतात.