घासलेली बाटली

धर्मार्थ दवाखान्यात बाटली रोग्याने आपली आणायची, हा पहिल्यापासूनचा रिवाज. कंपाउंडर आत्मारामपंत ती नाकाशी धरीत आणि बहुतेक परत करीत. "वास येतो. घासून आणा." लांबच्या मिरजोळ्याच्या बाईला घासून आणायला दुसरा दिवस उजाडे. पावसाळा सरेपर्यंत रोगी निम्मे झाले. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाने पंतांना दोनदा लेखी समज दिली. त्यांनी दोन्ही कागद घडी घालून खणात ठेवले. आता त्यांना काढूनच टाकायचे चालले होते. नव्या नर्स यमुनाबाई म्हणाल्या, "आठ दिवस द्या."

तिसऱ्या दिवशी मिरजोळ्याची राही आली. कडेवर वर्षाचे पोर, हिवतापाने फणफणलेले. गळ्यातल्या मण्यांशीसुद्धा खेळत नव्हते. तिच्या खांद्यावर नुसता गाल टाकून होते.

"वास येतो," पंत म्हणाले.

"काल पन ह्याच सांगितलंत. घासून घासून बाटली झिजली, तापानं पोर झिजला. औषध कुनाला देनार, ता तरी सांगा."

ओळीतल्या बायका हसल्या. पंतांनी बाटली पुन्हा नाकाशी नेली, पुन्हा हुंगली. यमुनाबाईंनी ते पाहिले आणि त्यांना आत बोलावले.

"पंत, झालं काय होतं?"

"गेल्या साली एकीनं घासलेटाची बाटली आणली. मी भरली. पोर ओकून ओकून अर्धं झालं. वाचलं म्हणा. मंडळानं चारचौघांत विचारलं, तुम्हाला नाक नाही का? आता आहे, तर तेही नको."

यमुनाबाई बाहेर आल्या. त्यांनी ओटीवरच्या शेगडीवर आधण ठेवले, सोडा घालून राहीची बाटली स्वतः धुतली, हुंगली. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी डकवली आणि तिच्यावर लिहिले: बाटली मी तपासली. यमुना.

"आजपासून बाटल्या मी धुणार. बिघडलं तर नाव माझं. पण एकीलाही परत पाठवलंत, तर तुम्हाला काढा म्हणून मीच सांगेन."

पंतांनी पट्टी दोनदा वाचली. बाटली नाकापर्यंत नेली, थांबले आणि भरली.

पहिला डोस तिथेच पाजला. पोराने निम्मा थुंकला. राहीने पदराने त्याची हनुवटी टिपली.

"सांडला की वो."

पंतांनी निम्मा डोस पुन्हा ओतला. "तोंडावर हळू फुंकर घाल. गिळतो."

तिने घातली. पोराने डोळे मिटले, गिळले.

"पुढची कोण?" पंत म्हणाले. "बाटली आधी बाईंकडे."